लंडनमधील ले रेषा

लंडन शहराच्या पोटातून सरळ रेषा जातात, त्या जुन्या पवित्र जागांना जोडतात आणि त्यांतून भूमीची गूढ ऊर्जा वाहते, अशी एक श्रद्धा. ती मानणारे या रेषांना ‘ले’ म्हणतात. चर्च, टेकड्या, मातीचे उंचवटे, विहिरी, जुन्या शिळा हे या रेषांवरचे टप्पे धरले जातात. प्रिमरोझ हिल, पार्लमेंट हिल, टॉवर हिल ही नावे अशा नकाशांवर हमखास भेटतात. अशी ऊर्जा असल्याचा मोजमापाने सिद्ध झालेला पुरावा नाही.

या कल्पनेचे जनक आल्फ्रेड वॉटकिन्स (१८५५–१९३५) हे हेरफर्डचे व्यापारी आणि छायाचित्रकार. गढ्या, शिळा, चर्च एका ओळीत येतात असे त्यांना १९२१ मध्ये जाणवले. त्यांच्या लेखी त्या प्राचीन वाटा होत्या, दूरच्या खुणेवर नजर ठेवून आखलेल्या. १९२५ च्या ‘द ओल्ड स्ट्रेट ट्रॅक’ या त्यांच्या पुस्तकाचा गाभा हाच. भू-ऊर्जेचा सिद्धान्त त्यात नाही. तरीही पुरातत्त्वज्ञांनी ते नाकारले. ‘अँटिक्विटी’ या पुरातत्त्वाच्या नियतकालिकाचे संपादक ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी तर त्याची जाहिरातही छापली नाही. ऊर्जेची भर नंतर पडली: १९३६ मध्ये गूढविद्येच्या लेखिका डायन फॉर्च्यून यांच्या कादंबरीतून, १९६० च्या दशकात उडत्या तबकड्यांच्या चर्चेतून आणि मुख्यतः १९६९ मध्ये जॉन मिशेल यांच्या लेखनातून. मिशेल यांनी या रेषांची सांगड चिनी फेंगशुईशी घातली. वॉटकिन्स यांचे नाव टिकून राहिले, पण त्यांचा साधा वाटसरू मात्र हरवला.

लंडनमधली परिचित रेषा स्ट्रँडची. सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स, सेंट मेरी ल स्ट्रँड, सेंट क्लेमेंट डेन्स आणि फ्लीट स्ट्रीटवरचे सेंट डन्स्टन या चर्चवरून ती पूर्वेला शोअरडिचमधील आर्नल्ड सर्कसच्या उंचवट्यापर्यंत नेतात. ही रेषा तपासण्याजोगी आहे, कारण तिच्या प्रत्येक टप्प्याचा इतिहास ठाऊक आहे. जुने सेंट मेरी १५४९ मध्ये सॉमरसेट हाउस या वाड्यासाठी पाडले गेले. आजची अठराव्या शतकातली इमारत मूळ जागेवर नाही. सेंट डन्स्टन १८३० च्या दशकात रस्तारुंदीसाठी मागे सरकवून बांधले. आर्नल्ड सर्कसचा उंचवटा तर ओल्ड निकोल ही गरिबांची वस्ती १८९० च्या दशकात पाडल्यावर तिच्या राडारोड्यातून उभा राहिला. ज्या माणसांची घरे त्या मातीत गेली त्यांची आठवण काढायची सोडून तिथे प्राचीन देवस्थान शोधले जाते, हे प्रस्तुत लेखकाला खटकते. शिवाय यांतली तीन चर्च स्ट्रँड आणि फ्लीट स्ट्रीट या सलग मार्गावरच आहेत. ती साधारण एका ओळीत दिसणार, हे ओघानेच आले.

योगायोगाचा वाटाही मोठा आहे. नकाशावर १०० बिंदू असतील तर तीन-तीनचे १,६१,७०० गट पडतात. त्यांतले बरेच जवळजवळ सरळ रेषेत येणारच. एका मैलाला एक इंच या प्रमाणाच्या जुन्या नकाशावर एक मिलिमीटर जाडीची पेन्सिलरेघ जमिनीवर सुमारे ६३ मीटर रुंद होते, म्हणजे दाट वस्तीच्या शहरात एखादे चर्च तिच्याखाली सापडायला फारसा वेळ लागत नाही. गणितज्ञ मॅट पार्कर यांनी २०१० मध्ये ब्रिटनमधील वूलवर्थ्‌स या दुकानसाखळीच्या सुमारे ८०० बंद दुकानांच्या जागा घेऊन अशाच नेटक्या रेषा काढून दाखवल्या.

श्रद्धावंत आजही काड्या किंवा लोलक घेऊन, पाणाड्यांप्रमाणे, शहरातून चालतात. १९७७ मध्ये ले रेषांचे अभ्यासक पॉल डेव्हरू यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘ड्रॅगन प्रोजेक्ट’ने रोलराइटसारख्या शिलावर्तुळांपाशी उपकरणांनी मोजमापे घेतली, रेषांतून वाहणाऱ्या ऊर्जेला त्यातून आधार मिळाला नाही. डेव्हरू यांनी पुढे ती कल्पनाच सोडली. आपल्या आवडत्या विषयाचा पुरावा मागून तो न मिळाल्यावर मागे फिरणारा अभ्यासक आदराला पात्र आहे.

लंडनखाली वाहणारे काही खरेच आहे: फ्लीट, टायबर्न, वॉलब्रुक या झाकल्या गेलेल्या नद्या. वॉलब्रुकच्या काठी १९५४ मध्ये रोमन काळातले मिथ्रस या देवाचे मंदिर सापडले. बांधकामासाठी ते उचलून दुसरीकडे मांडले गेले आणि २०१७ मध्ये मूळ जागेजवळ परत आणले.