यादी एकदाच लिहायची : स्प्रेडशीटमधल्या ड्रॉपडाऊनची पार्श्वभूमी

1979 मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल टू संगणकासाठी व्हिसीकॅल्क हे स्प्रेडशीट आणले, तेव्हा सेलमध्ये काय लिहावे याला कसलेच बंधन नव्हते. आकडा, सूत्र, मजकूर, जे टाइप कराल ते सेल घेई. हिशेबापुरते ते चालून गेले. पुढे मात्र स्प्रेडशीटच्या नोंदवह्या झाल्या: गावे, खाती, मालाचे प्रकार. कुणी 'सातारा' लिहिले, कुणी 'सतारा', कुणी शेवटी एक रिकामी जागा सोडली, की एकाच जिल्ह्याच्या तीन वेगळ्या बेरजा निघतात. प्रत्येक बेरीज आपल्यापुरती बरोबरच असते, म्हणून ही चूक फार उशिरा सापडते.

डेटाबेसवाल्यांकडे यावर उत्तर होते. ई. एफ. कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या रिलेशनल, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांच्या, रचनेत जिल्ह्यांची नावे एकाच तक्त्यात ठेवता येतात आणि बाकी सगळीकडे फक्त त्यांचा संकेतांक वापरता येतो. स्प्रेडशीटला हे शहाणपण यायला बराच वेळ लागला. एक्सेल 5 मध्ये सेलवर ठेवण्याचा ड्रॉपडाऊन (क्लिक केले की उघडणारी पर्यायांची यादी) मिळत असे, पण तो जोडलेल्या सेलमध्ये नाव न टाकता निवडलेल्या पर्यायाचा क्रमांक टाकी. शिवाय प्रत्येक ओळीसाठी वेगळा ड्रॉपडाऊन बसवावा लागे. शेकडो ओळींच्या नोंदवहीत ते कोण करणार?

एक्सेल 97 मध्ये डेटा व्हॅलिडेशन (सेलमध्ये काय लिहू द्यायचे ते ठरवण्याची सोय) आले आणि यादी सेलचाच गुणधर्म झाली. एका सेलला लावा, खाली ओढा, सगळ्या रकान्याला लागते. पण स्वल्पविराम देऊन थेट व्हॅलिडेशनच्या खिडकीत लिहिलेल्या यादीला 255 अक्षरचिन्हांची मर्यादा आहे. महाराष्ट्राचे 36 जिल्हे देवनागरीत लिहायला घेतले, तर काना-मात्रा आणि स्वल्पविराम धरून ते त्यात मावत नाहीत. म्हणून यादी शीटवर लिहून तिचा पत्ता द्यायचा, हा मार्ग उरतो. तिथेही अडचण होती: एक्सेल 2010 येईपर्यंत दुसऱ्या शीटवरचा पत्ता थेट देता येत नसे.

या अडचणीनेच लोकांना नेम्ड रेंजकडे, म्हणजे सेलच्या पट्ट्याला नाव देण्याकडे, नेले. ही सोय लोटस 1-2-3 या जुन्या स्प्रेडशीटच्या काळापासून होती, पण तिचे खरे मोल इथे कळले. 'जिल्हे' या यादीला एकदा नाव दिले की ती कोणत्याही शीटवर ठेवा, दहा रकान्यांत वापरा, सुधारणा एकाच ठिकाणी होते. माझ्या मते या सगळ्या वाटचालीतला हा सर्वांत मोठा टप्पा आहे; पुढचे बहुतेक शोध त्याच्यावरच उभे आहेत. जिल्हा निवडला की शेजारी फक्त त्याचेच तालुके दिसावेत, ही युक्तीसुद्धा नावांवर आणि सेलमधला मजकूर पत्ता म्हणून वाचणाऱ्या इनडायरेक्ट या फंक्शनवर चालते.

यादी वाढली की काय, हा पुढचा प्रश्न होता. आधी लोक ऑफसेट आणि काउंटए (भरलेले सेल मोजणारे) ही फंक्शने जोडून रेंजची लांबी मोजत. मध्ये एक सेल रिकामा राहिला की मोजणी चुकून शेवटचे नाव गळून पडे. एक्सेल 2007 मधल्या टेबलने हा त्रास संपवला. टेबलच्या रकान्याला नाव द्या, खाली नवी नोंद करा, यादी आपोआप वाढते. 2018 मध्ये जाहीर झालेल्या डायनॅमिक ॲरेमुळे (एका सूत्राचे उत्तर अनेक सेलमध्ये पसरवण्याच्या सोयीमुळे) युनिक आणि सॉर्ट या फंक्शनांनी तयार झालेली यादीही पत्त्याला # लावून ड्रॉपडाऊनला देता येऊ लागली.

मराठी कार्यालयांची एक वेगळी अडचण होती आणि तिची नोंद व्हायलाच हवी. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधीचे मराठी फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवत. सेलला तो फाँट लावला की मजकूर मराठी दिसे. ड्रॉपडाऊनच्या यादीचा फाँट मात्र बदलता येत नाही, त्यामुळे ती उघडली की समोर निरर्थक रोमन अक्षरे येत. युनिकोडमध्ये टाइप केलेली यादी सरळ मराठीतच उघडते. आपल्याकडे ड्रॉपडाऊन खऱ्या अर्थाने वापरण्याजोगा झाला तो त्यानंतरच.

डेटाबेसची बरोबरी मात्र अजून झालेली नाही. ड्रॉपडाऊन यादीतले नाव सेलमध्ये उतरवून देतो, नाते जोडून ठेवत नाही. 2014 मध्ये पालघर जिल्हा झाला तेव्हा यादीत एक ओळ वाढवणे पुरेसे होते, कारण ते नाव नवे होते. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव (2023) किंवा अहिल्यानगर (2024) यांच्या वेळी यादी सुधारली, तरी आधी भरलेल्या ओळींत जुनी नावे तशीच राहिली. म्हणून जिल्ह्याचा संकेतांक वेगळ्या रकान्यात ठेवणे आणि नाव त्यावरून शोधून आणणे, हे मी आग्रहाने सुचवेन. बाहेरून पेस्ट केलेला मजकूर व्हॅलिडेशनला बगल देऊन आत शिरतो, तेही अजून तसेच आहे. आणि एकच यादी अनेक फायलींत वापरायची, तर नावाच्या मदतीने दुसऱ्या फाइलचा पत्ता देता येतो, पण मूळ फाइल उघडी असेल तेवढा वेळच तो ड्रॉपडाऊन चालतो.