रोपवन असलेल्या जंगलाचा सामूहिक दावा: अर्ज कुठे अडकतो?

गावाच्या जंगलात वनखात्याने साग लावला, म्हणून तेवढा भाग दाव्यातून सोडू नका. वनहक्क कायदा, २००६ नुसार गावाच्या पारंपरिक सीमेतलं जंगल 'सामूहिक वनसंसाधन' ठरतं, मग ते राखीव असो वा संरक्षित. "तिथे रोपवन आहे", "ते संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे (वनखात्याबरोबर जंगल सांभाळणाऱ्या गावसमितीकडे) आहे" ही कारणं तोंडी खूप ऐकवली जातात. ती लेखी मागा, मग बघा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनसंसाधनाचा हक्क २००९ मध्येच मिळाला.

सगळ्यात मोठा घोळ अर्जाच्या नमुन्याचा. निस्तार (सरपण, लाकूडफाटा अशा घरगुती गरजा), चराई, गौण वनउपज यांचा नमुना वेगळा. जंगलाचं संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याच्या हक्काचा वेगळा. हा दुसरा नमुना नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीत आला. पहिलाच भरला तर तेंदू, मोह गोळा करता येईल, पण कुठे काय लावायचं आणि कधी तोडायचं हे ठरवण्याचा हक्क त्यातून मागितला जात नाही.

दावा ग्रामसभेचा असतो. सदस्यांची यादी जोडायची, प्रत्येकापुढे अनुसूचित जमाती की इतर पारंपरिक वननिवासी हे लिहायचं. त्यावरून घरटी जातीचा दाखला मागणारे भेटतात. नमुन्यातच लिहिलंय की असे काही सदस्य असले तरी पुरे. कक्ष क्रमांकापुढेही (वनखात्याने जंगलाच्या भागाला दिलेला क्रमांक) "असल्यास व माहीत असल्यास" असंच छापलंय, त्यासाठी महिनोन्‌महिने हेलपाटे कशाला?

पुरावे किमान दोन. निस्तारपत्रक (निस्तार हक्कांची सरकारी नोंद) नसेल तर म्हाताऱ्यांचे लेखी जबाब आणि जंगलातले पाणवठे, स्मशान, देवाची जागा दाखवणारा पंचनामा चालतो. शेजारच्या गावांशी सीमेचं आधीच बोलून घ्या.

कोरम मात्र बारकाईने पाहा. नेहमीच्या ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० माणसं चालतात. इथे निम्मे सदस्य हवेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. वनरक्षक जागेच्या पडताळणीला आला नाही तर खात्याला दिलेल्या नोटिशीची पोच जपून ठेवा. त्या कारणाने हरकत आली तर फेरपडताळणी होते. तेव्हाही कुणी फिरकलं नाही, तर जागेच्या पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम.

तीन महिन्यांची मुदत ग्रामसभेने दावे मागवल्यापासूनची आहे, आणि ती ग्रामसभा वाढवू शकते. कायद्यात शेवटची तारीख नाही. उपविभागीय समितीने दावा फेटाळला तर जिल्हा समितीकडे जायला ६० दिवस, तेही निर्णयाच्या तारखेपासून. पत्र गावात पोचेपर्यंत त्यातले बरेच उलटलेले असतात.