स्वस्त की प्रीमियम: कुत्र्या-मांजरांच्या खाद्यातील दरभेदाची पार्श्वभूमी

कुत्र्या-मांजरांच्या तयार खाद्याच्या सारख्याच वजनाच्या दोन पिशव्यांच्या किमतींत कित्येक पटींचे अंतर असू शकते आणि तरीही दोन्हींवर ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असेच छापलेले असते. हे अंतर काही प्रमाणात घटकांचे आहे, काही प्रमाणात दर्जा राखण्यावर होणाऱ्या खर्चाचे आहे, परंतु त्याचा मोठा भाग या व्यवसायाच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या वाटचालीत विक्रीच्या सोयीने घडत गेला आहे.

आधी साधे खाद्य आले आणि पुढे सधन ग्राहकांसाठी महागडे निघाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात क्रम उलटा होता. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकी गृहस्थ इमारतींवर पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या सळ्या विकण्यासाठी लंडनला गेला असता, गोदीवरची कुत्री जहाजांवरची टणक बिस्किटे खाताना त्याने पाहिली, असे सांगितले जाते. १८६०च्या सुमारास त्याने गहू, भाज्या, बीट आणि मांस यांपासून केलेली कुत्र्यांची बिस्किटे बाजारात आणली. त्याचे ग्राहक शिकारी कुत्री बाळगणारे इंग्लंडमधील जमीनदार होते, आणि त्यांना आकर्षित करण्यासाठी जाहिरात व श्वानप्रदर्शने यांचा पद्धतशीर वापर झाला. १८९१ मध्ये स्वतःच्या नावाने लंडनमध्ये श्वानप्रदर्शन सुरू करणारा चार्ल्स क्रफ्ट हा मूळचा स्प्रॅटच्याच पेढीतला नोकर होता. त्याच काळात सामान्य घरांतील कुत्री उरल्यासुरल्या अन्नावर जगत होती, तर लंडनच्या गल्ल्यांतून फेरीवाले मांजरांसाठी घोड्याचे मांस विकत फिरत. म्हणजे तयार खाद्य जन्मतःच प्रतिष्ठेची वस्तू होते.

ते स्वस्त झाले विसाव्या शतकात. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी आणि ट्रॅक्टर यांमुळे अमेरिकेत घोडे निरुपयोगी ठरू लागले आणि १९२२ मध्ये चॅपल बंधूंनी घोड्याच्या मांसाचे ‘केन-एल रेशन’ हे डबाबंद श्वानखाद्य विक्रीस काढले. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याच्या वापरावर निर्बंध आल्यावर उत्पादकांना कोरड्या खाद्याकडे वळावे लागले. निर्णायक बदल मात्र १९५७ मध्ये झाला. त्या वर्षी प्युरिना कंपनीने न्याहारीच्या धान्यपदार्थांसाठी वापरले जाणारे एक्स्ट्रुजनचे तंत्र श्वानखाद्यासाठी वापरून आपले नवे कोरडे खाद्य बाजारात आणले. या पद्धतीत पिठे, सुकवलेल्या मांसाची भुकटी आणि पाणी यांचे मिश्रण वाफ व दाब यांखाली झपाट्याने शिजते, साच्याच्या छिद्रांतून बाहेर पडताच फुगते, त्याचे तुकडे कापून ते वाळवले जातात आणि शेवटी त्यांवर चरबी व चव आणणारे पदार्थ फवारले जातात. दाणे फुगण्यासाठी आणि एकसंध राहण्यासाठी पिष्टमय पदार्थ लागतातच. कोरड्या खाद्यात धान्य, बटाटा किंवा वाटाणा असतो त्याचे हे तांत्रिक कारण आहे. त्याला केवळ ‘भरताड’ म्हणणे अर्धवट खरे आहे. या तंत्राने पिठाच्या गिरण्या आणि कत्तलखाने यांचे उपपदार्थ मोठ्या प्रमाणावर वापरता येऊ लागले. या उपपदार्थांची बदनामीही जरा जास्तच झाली आहे, कारण त्यांत मोडणारे यकृत जीवनसत्त्वांच्या बाबतीत साध्या स्नायूंच्या मांसापेक्षा कितीतरी सरस असते.

आज ज्याला प्रीमियम म्हटले जाते त्याची मुळे मात्र स्प्रॅटच्या बिस्किटांत नसून पशुवैद्यकात आहेत. १९३९ मध्ये अमेरिकी पशुवैद्य मार्क मॉरिस यांनी ‘बडी’ या अंधांना वाट दाखवणाऱ्या प्रसिद्ध कुत्रीच्या मूत्रपिंडविकारासाठी खास आहार तयार केला आणि १९४८ मध्ये कॅन्सस राज्यातील हिल पॅकिंग कंपनीने तो डबाबंद स्वरूपात बनवण्यास सुरुवात केली. पॉल आयम्स यांनी ओहायोमध्ये १९४६ साली आपली कंपनी काढली. १९६८ मध्ये फ्रान्समध्ये पशुवैद्य जाँ कातारी यांनी रॉयल कॅनिन स्थापन केली. त्याच वर्षी हिलने निरोगी प्राण्यांसाठी ‘सायन्स डाएट’ आणले आणि पुढच्या वर्षी आयम्सने ‘युकानुबा’. ही उत्पादने पशुवैद्य, पैदासकार आणि प्राण्यांच्या साहित्याची खास दुकाने यांच्यामार्फत विकली जात, सुपरमार्केटमध्ये ती ठेवली जात नसत. त्यामुळे लहान दुकानदाराला असा माल मिळाला की ज्याच्या दरात मोठी दुकाने त्याला पाडू शकत नव्हती, आणि ग्राहकाला पशुवैद्याच्या शिफारशीचे वजन मिळाले. किमतीत पोषणाबरोबरच हे वजनही मोजले जात होते. पुढे १९७६ मध्ये कोलगेट-पामोलिव्हने हिल आणि १९९९ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने आयम्स विकत घेतली. त्यानंतर वर्षभरातच आयम्सचा माल सर्वसाधारण मोठ्या दुकानांत दिसू लागला. खास दुकानांनी रिकामी झालेली जागा त्याहून महाग, नव्या ब्रँडना दिली आणि ‘सुपर प्रीमियम’ ही आणखी एक पायरी रूढ झाली. अमेरिकेत पशुखाद्याचे आदर्श नियम १९०९ मध्ये स्थापन झालेली ‘आफको’ ही नियंत्रक अधिकाऱ्यांची संघटना तयार करते; त्या नियमांत ‘प्रीमियम’ या शब्दाची व्याख्याच नाही.

ज्यांची व्याख्या आहे ते शब्द ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाहीत. त्याच नियमांनुसार नुसते ‘चिकन डॉग फूड’ असे नाव द्यायचे तर पाणी वगळता किमान ९५ टक्के चिकन लागते. ‘चिकन डिनर’ म्हटले की किमान २५ टक्के चालते. ‘विथ चिकन’ असेल तर ३ टक्के पुरेसे ठरते आणि ‘चिकन फ्लेवर’ला फक्त ओळखता येण्याजोगी चव असावी लागते. घटकांची यादी शिजवण्यापूर्वीच्या वजनाच्या क्रमाने असते. ताज्या कोंबडीत साधारण सत्तर टक्के पाणीच असल्याने ती यादीत पहिली येते, पण तयार कोरड्या दाण्यात तिचा वाटा बराच घटलेला असतो. प्रथिनांचा आकडाही प्रत्यक्ष प्रथिने मोजून ठरत नाही, नत्राच्या प्रमाणावरून काढला जातो. ती प्रथिने किती पचतील हे त्यातून कळत नाही. चामड्यातही प्रथिने असतातच.

दरातील खरा फरक अशा गोष्टींत असतो ज्या लेबलवर नसतात. १९५०च्या दशकापासून पशुखाद्य उद्योगात गणिती पद्धतीने सर्वांत कमी खर्चाचे मिश्रण काढण्याची रीत रुळली. मका महागला की गहू, एक भुकटी महागली की दुसरी, असे बदल करूनही पोषणद्रव्यांचे ठरलेले आकडे गाठता येतात. काही उत्पादक याउलट घटक व त्यांचे प्रमाण स्थिर ठेवतात, येणाऱ्या मालाच्या प्रत्येक खेपेची तपासणी करतात आणि प्रत्यक्ष प्राण्यांना खाऊ घालून पचनीयतेच्या चाचण्या घेतात. यासाठी पैसा लागतो. नाजूक पोटाच्या प्राण्याला अशा स्थिरतेचा उपयोग होतो, धडधाकट प्राण्याला कदाचित फारसा होणार नाही. पचनीयता अधिक असलेले आणि उष्मांकांनी दाट असलेले खाद्य रोज कमी द्यावे लागते. म्हणून किलोच्या दरापेक्षा दिवसाच्या खर्चाची तुलना अधिक प्रामाणिक ठरते आणि त्या हिशेबात दोन पिशव्यांमधले अंतर पुष्कळदा आकसते.

पोषणाची किमान पातळी कशी ठरली, याचा इतिहास मात्र किमतीशी फारसा जुळत नाही. मांजराच्या शरीरात टॉरिन हे अमिनो आम्ल पुरेसे तयार होत नाही आणि त्याच्या अभावी डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७०च्या दशकात समजले होते. तरीही १९८०च्या दशकात हृदयाचे स्नायू कमकुवत होऊन मांजरे दगावत होती. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की अशा २१ मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी होते आणि ते पुरवल्यावर हृदय सुधारले. ही मांजरे तयार खाद्यावर वाढली होती. तत्कालीन शिफारशीच अपुऱ्या ठरल्याने उत्पादकांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले आणि आज मांजरांच्या साध्या, स्वस्त संपूर्ण खाद्यातही ते मिसळलेले असते. कुत्र्याचे खाद्य मांजराला कायम देऊ नये, याचे एक ठोस कारण हेच आहे.

मार्च २००७ मध्ये कॅनडातील मेनू फूड्स या कंपनीने ६ कोटींहून अधिक डबे व पाकिटे परत मागवली. चीनमधून आलेल्या, गव्हाचे ग्लुटेन (गव्हातील प्रथिने) म्हणून विकलेल्या मालात मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगात वापरले जाणारे रसायन मिसळलेले होते. मेलामाइनमध्ये भरपूर नत्र असल्याने चाचणीत ते प्रथिनांसारखे दिसते. त्याच्या जोडीला सायन्युरिक आम्ल असल्यामुळे मूत्रपिंडात स्फटिक होऊन अनेक प्राणी मेले. लोकांना त्याहून मोठा धक्का परत मागवलेल्या मालाच्या यादीने दिला असावा, कारण दुकानसाखळ्यांची स्वस्त लेबले आणि नामवंत प्रीमियम ब्रँड असे शंभराच्या आसपास ब्रँड एकाच कंत्राटी उत्पादकाकडे बनत असल्याचे तीतून उघड झाले.

या अविश्वासाच्या वातावरणात गव्हासकट सगळेच धान्य संशयित ठरले आणि धान्यविरहित खाद्याला, तेही चढ्या दराने, मोठी मागणी आली. धान्याच्या जागी दाणे बांधायला वाटाणे, मसूर आणि बटाटे आले. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा खाद्यावरील कुत्र्यांमध्ये हृदयविकाराच्या तक्रारी येत असल्याचे जाहीर केले आणि जून २०१९ मध्ये तक्रारींत वारंवार आलेल्या १६ ब्रँडची नावे प्रसिद्ध केली. त्यांतील बहुतेक वरच्या दरातील होते. कारणसंबंध सिद्ध झाला नाही, आणि डिसेंबर २०२२ मध्ये प्रशासनाने, अर्थपूर्ण नवी शास्त्रीय माहिती मिळाल्याखेरीज या विषयावर नियमित निवेदने काढणार नसल्याचे सांगितले. पशुवैद्य आता खाद्याविषयी सल्ला देताना दराआधी ते कोणत्या वयाच्या प्राण्यासाठी संपूर्ण आहे, त्याचे सूत्र पोषणतज्ज्ञाने आखले आहे का आणि ते कोणाच्या कारखान्यात बनते, हे विचारायला सांगतात.