पाणवनस्पती जमवणे (प्लांटेड टँकसाठी), कोकण आणि सह्याद्री

घरच्या प्लांटेड टँकमध्ये (जिवंत पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या काचपेटीत) लावायला ओढे, भातखाचरं, कालवे, गावतळी इथून पाणवनस्पती शोधून आणायची पद्धत. मुंबई-पुण्याच्या दुकानांत बाहेरून आलेली रोपं सहज मिळतात, तरी हौशी लोक पावसाळ्यात आणि त्यानंतर कोकणात, घाटात उतरतात, कारण टँकच्या जगात नाव कमावलेल्या कितीतरी प्रजाती मुळात इथल्याच आहेत. रोटाला, हायग्रोफिला, लिम्नोफिला, क्रिप्टोकोरायन, पोगोस्टेमॉन, ब्लिक्सा या सगळ्यांचे नातेवाईक इथे रानात उगवतात आणि त्यातले बरेचसे शेतकऱ्याच्या लेखी निव्वळ तण असतात.

सगळ्यात जुना घोळ रोटालाचा. 'रोटाला इंडिका' म्हणून दुकानांत जे विकलं जायचं ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तरी बहुतांशी रोटाला रोटुंडिफोलिया होतं, आणि खरी इंडिका बऱ्याच उशिरा 'अमानिया बोन्साय' या भलत्याच नावाने बाजारात आली. दोन्ही प्रजातींना आजची नावं कोहने या जर्मन तज्ज्ञाने 1880 मध्ये दिली, म्हणजे वनस्पतिशास्त्रात गोंधळ फारसा नव्हता, तो व्यापारात झाला असं मानणंच जास्त पटतं. फरक ओळखायला फूल लागतं. रोटुंडिफोलियाची गुलाबी फुलं शेंड्याला तुऱ्यासारखी येतात, इंडिकाची बारीक फुलं पानांच्या बेचक्यात एकेकटी बसतात आणि तिच्या पानाला पारदर्शक, जराशी कडक कड असते. नुसत्या पानाच्या आकारावर जाऊ नये, कारण पाण्याबाहेर गोल असलेलं रोटुंडिफोलियाचं पान पाण्याखाली लांबट, अरुंद आणि उजेड भरपूर असेल तर लालसर होतं, म्हणून एकाच ओढ्यातून आणलेल्या दोन काड्या दोन जाती वाटू शकतात. कूक या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये रोटालाचा जगभराचा आढावा घेतला, या नोंदीत त्यांचंच मत धरलं आहे.

क्रिप्टोकोरायनचं प्रकरण याहून किचकट. पश्चिम किनाऱ्यावर स्पायरॅलिस आणि रेट्रोस्पायरॅलिस या दोन ठळक प्रजाती आहेत, शिवाय कॉग्नाटा ही एकोणिसाव्या शतकात शॉट या वनस्पतिशास्त्रज्ञाने वर्णन केलेली, दक्षिण कोकणातल्या मोजक्या जागांपुरती राहिलेली प्रजाती. पानं तिघींची लांब आणि पट्टीसारखी, त्यामुळे फुलाशिवाय खात्री देणं अवघड. स्पायरॅलिसच्या महाछदाच्या (फुलोऱ्याला वेढणाऱ्या मोठ्या पानासारख्या आवरणाच्या) आतल्या बाजूला आडव्या उंच घड्या असतात आणि नळी जवळजवळ नसतेच, रेट्रोस्पायरॅलिसचा महाछद लांब, पिळलेला असतो. यात भर म्हणजे मुख्यतः आग्नेय आशियात वाढणारी क्रिस्पॅट्युला ही प्रजाती बरीच वर्षं रेट्रोस्पायरॅलिसचाच एक प्रकार धरली जात होती, त्यामुळे जुन्या टँकमधलं 'रेट्रोस्पायरॅलिस' आपल्या ओढ्यातलं असेलच असं नाही. आता या दोन्ही वेगळ्या मानतात आणि तेच योग्य वाटतं. स्पायरॅलिसचे कंद दक्षिण भारतात अतिविष या आयुर्वेदिक मुळीच्या जागी औषधात वापरतात, म्हणजे तिच्यावर उपटणाऱ्यांचा भार आधीपासूनच आहे. पावसाळ्यात ही झाडं वाहत्या पाण्याखाली असतात, पाणी उतरलं की फुलतात, त्यामुळे ओळख पटवायची तर दिवाळीनंतर जावं. आणायचीच असेल तर आईझाड न हलवता बाजूला फुटलेला एखादा धुमारा घ्यावा, आणि कॉग्नाटाला हातही लावू नये.

कासच्या पठारावरच्या आणि तशाच इतर सड्यांवरच्या (उघड्या कातळाच्या पठारांवरच्या) डबक्यांतली झाडं टँकमध्ये आणू नयेत, याची कारणं दोन. एक कायद्याचं, राखीव जंगल, अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय झाड नेणं गुन्हा आहे, आणि कास तर 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. दुसरं कारण झाडाच्या आयुष्याचं. गेंद, जांभळी मंजिरी (पोगोस्टेमॉन डेक्कनेन्सिस), सीतेची आसवं ही जांभ्यावर किंवा कातळावर साचलेल्या उथळ पावसाच्या पाण्यावर जगणारी, काही महिन्यांत बी धरून संपणारी झाडं आहेत, बोअरच्या जड पाण्यात ती टिकत नाहीत आणि मऊ पाणी दिलं तरी बी धरल्यावर मरतातच. वायतुरा (अपोनोजेटॉन साटारेन्सिस) कंदावर तग धरतो पण त्याला दरवर्षी सुप्तावस्था लागते, बारा महिने पंचवीस अंशाच्या टँकमध्ये ती मिळत नाही, शिवाय तो धोक्यात आलेला आहे. डालझेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने ज्याचं वर्णन केलं तो पोगोस्टेमॉन इरेक्टस रोपवाटिकेतून टँकच्या बाजारात पोचलेला आहे, तो विकत घ्यावा.

मग आणायचं काय, तर भातखाचराच्या बांधावरची आणि कालव्याच्या कडेची झाडं. लिम्नोफिला (चुरगळली की टर्पेंटाइनसारखा वास येतो, पाण्याखालची पानं बारीक चिरलेली आणि पाण्यावरची अखंड), ब्राह्मी (बाकोपा मोनिएरी), हायड्रिला, सेराटोफायलम ज्याला मुळंच नसतात, व्हॅलिसनेरिया. खोडाची झाडं मुळासकट उपटायची गरज नाही, दहा-पंधरा सेंटिमीटरचे शेंडे पुरतात. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून झिपच्या पिशवीत, सावलीत. पाण्याने भरलेल्या बाटलीत गाडीत तापली की ती शिजल्यासारखी होतात. पाण्याबाहेर वाढलेली काडी टँकमध्ये लावल्यावर दोन-तीन आठवड्यांत जुनी पानं गाळते आणि पाण्याखालची नवी काढते, ती मेली असं समजून टाकू नये.

चिखलात उतरताना लेप्टोची (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती खरी आहे, पायाला जखम असेल तर उतरूच नये आणि गमबूट घालावेत. गोगलगायींबद्दल एक जुनी हकीगत इथे महत्त्वाची आहे, रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी हे गाव शिस्टोसोमायसिसचं (गोगलगायीमार्फत पाण्यातून होणाऱ्या कृमीच्या आजाराचं) भारतातलं नोंदलेलं स्थानिक केंद्र, 1950 च्या दशकात तिथे रुग्ण सापडले आणि फेरिसिया नावाची इवलीशी गोगलगाय वाहक असल्याचं मांडलं गेलं. ती नेमकी कोणती प्रजाती आणि तीच खरी वाहक का, यावर नंतरही चर्चा झाली. आज तिथे लागण होत असल्याचं मानत नाहीत, तरी झाडावरच्या गोगलगायी आणि त्यांची अंडी घरी न आणणं शहाणपणाचं. त्यासाठी पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवतात, किंवा तुरटीच्या पाण्यात काही तास. नाजूक पानांना परमँगनेट चालतं, ब्लीच सहसा नाही. चतुराच्या अळ्या आणि जळवा या धुण्यातूनही निसटतात, आणि खाचरातल्या झाडावर कीटकनाशक असू शकतं जे झिंग्यांना मारतं, म्हणून आठवडा-दोन आठवडे वेगळ्या बादलीत पाणी बदलत ठेवून मगच टँकमध्ये घ्यावं.

विदर्भात पूर्व भागातल्या जुन्या मालगुजारी तलावांत (मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या काळातल्या गावतळ्यांत) हायड्रिला, व्हॅलिसनेरिया मिळतं. तिथे ढिवर समाजातले लोक तळ्यातली बेशरम ही तण झुडपं काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावत आहेत, तिथलं झाड त्यांना विचारूनच घ्यावं.

टँकची छाटणी नदी-नाल्यात टाकायची नाही हा नियम सगळेच सांगतात पण त्यामागचा इतिहास आपल्याच झाडाचा आहे. आशियातली हायड्रिला 1950 च्या दशकात टँकच्या व्यापारातून फ्लोरिडात गेली आणि तिथले कालवे, तळी तिने भरून टाकली, आणि आपल्याकडे दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी पवना, मुळा-मुठा, उल्हास, पंचगंगा या नद्यांत काय करते ते दिसतंच आहे. छाटलेलं उन्हात पूर्ण वाळवून मगच खताच्या खड्ड्यात टाकावं, हायड्रिलाचा एका पेराचा तुकडासुद्धा ओला राहिला तर पुन्हा रुजतो.