ब्राउझरचा लॉग

वेब ब्राउझर चालू असताना आपल्या आतल्या कामाबद्दल जे संदेश लिहितो, त्यांना लॉग म्हणतात: जोडणी कुठे तुटली, कोणती फाइल मिळाली नाही, कोणता भाग बंद पडला. हिस्ट्री म्हणजे लॉग नव्हे. तिच्यात फक्त उघडलेल्या पानांची यादी असते.

हा लॉग संगणकावर आपोआप साठत नाही, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या पीकविम्याचे अर्ज भरताना पान अडकले, की ‘सर्व्हर डाउन शे भाऊ’ एवढ्यावर विषय संपतो. दोष सर्व्हरचा, गावातल्या नेटचा की ब्राउझरचा, हे नंतर शोधायला जावे तर काहीच सापडत नाही. एफ१२ दाबल्यावर दिसणाऱ्या कन्सोलमधले संदेशही तात्पुरतेच असतात. टॅब बंद केला की ते गेले.

क्रोमला लॉग लिहायला आधीच सांगावे लागते. त्याच्या सगळ्या खिडक्या बंद करून तो सुरू करण्याच्या आज्ञेला ‘--एनेबल-लॉगिंग’ हा पर्याय जोडून सुरू करायचा. एखादी खिडकी उघडी राहिली तर पर्याय लागूच होत नाही. मग ‘क्रोम_डीबग.लॉग’ ही फाइल यूजर डेटाच्या फोल्डरात तयार होते. विंडोजवर तो फोल्डर वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा, लोकल, गूगल, क्रोम या वाटेने सापडतो. लिनक्सवर तो होम फोल्डरातल्या ‘.कॉन्फिग’मध्ये ‘गूगल-क्रोम’ या नावाने असतो, तर मॅकवर लायब्ररीतल्या अ‍ॅप्लिकेशन सपोर्टमध्ये. अ‍ॅपडेटा, ‘.कॉन्फिग’ आणि लायब्ररी हे तिन्ही फोल्डर मुळात लपवलेले असतात. ‘फाइलच नाही’ ही तक्रार बरेचदा त्यामुळेच येते. शिवाय क्रोम पुन्हा सुरू केला की जुन्या फाइलवर नवी लिहिली जाते. म्हणून बिघाड दिसताच फाइलची प्रत दुसरीकडे ठेवावी. वीज ये-जा करणाऱ्या गावात तर हे विसरून चालत नाही.

फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:लॉगिंग’ या पानावरून नोंद सुरू करता येते. ‘मोझ_लॉग’ आणि ‘मोझ_लॉग_फाइल’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू होताना वाचतो ती संगणकावरची मूल्ये) लावले, तर आपण सांगू त्या ठिकाणी ‘.मोझ_लॉग’ शेपटीच्या फाइली बनतात. एक नव्हे, प्रत्येक प्रोसेसची (ब्राउझरच्या स्वतंत्र चालणाऱ्या भागाची) वेगळी. फाइलचे ठिकाण दिले नाही तर लिनक्सवर संदेश टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, उमटतात.

ब्राउझर अचानक बंद पडल्याचे अहवाल निराळे. ते ‘क्रोम://क्रॅशेस’ किंवा ‘अबाउट:क्रॅशेस’ इथे पाहावेत. फक्त नेटची अडचण असेल तर क्रोमचे ‘नेट-एक्सपोर्ट’ पान अधिक सोयीचे. त्याची फाइल कुठे ठेवायची ते आपणच ठरवतो, आणि खासगी माहिती गाळण्याचा पर्याय तिथे आधीच निवडलेला असतो. तो बदलून कुकीजसह (लॉगिनची ओळख ठेवणाऱ्या नोंदींसह) काढलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवणे म्हणजे आपल्या चालू लॉगिनची किल्लीच त्याच्या हाती देणे.