प्रत्यारोपण झालेल्या आईचं बाळ

मार्च १९५८ मध्ये अमेरिकेत एडिथ हेल्म यांना मुलगा झाला. त्याआधी दोन वर्षं त्यांना जुळ्या बहिणीचं मूत्रपिंड बसवलं होतं. प्रत्यारोपणानंतर आई झालेल्या त्या पहिल्याच. बहिणी अगदी एकसारख्या जुळ्या असल्याने शरीराने ते मूत्रपिंड परकं मानलं नाही आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं त्यांना घ्यावी लागली नाहीत.

नंतरच्या बहुतेक आयांच्या नशिबी हे नव्हतं. त्यांना ही औषधं रोज, जन्मभर घ्यावी लागतात. साहजिकच दिवस राहिले की पहिली धास्ती पोटातल्या बाळाची असते.

औषधं वारेतून बाळापर्यंत पोचतात, हे खरंच. पण सगळी एका माळेतली नाहीत. अझाथायोप्रिन, टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या आयांच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंगांचं प्रमाण साधारण इतर बाळांइतकंच, शंभरात तीन ते पाचच्या आसपास आढळतं. मायकोफेनोलेट मात्र घातक. ते चालू असताना दिवस राहिले तर जवळपास निम्म्या वेळा गर्भपात होतो. जन्मलेल्या बाळांपैकी सुमारे पाव बाळांत व्यंग दिसतं: बाहेरचा कान अर्धवट घडलेला, ओठ किंवा टाळू दुभंगलेली, हृदयात दोष. कान, ओठ, हृदय यांची घडण पहिल्या काही आठवड्यांतच होते. पाळी चुकल्याचं ध्यानात येईपर्यंत ते काम सुरूही झालेलं असतं. म्हणून हे औषध दिवस राहू देण्याच्या निदान सहा आठवडे आधी, डॉक्टरांकडून बदलूनच घ्यायचं.

'बाळासाठी' म्हणून सगळीच औषधं स्वतःहून बंद करणं, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. शरीराने अवयव नाकारला तर आईचा जीव धोक्यात येतो आणि बाळाचाही. प्रत्यारोपणानंतर एक-दोन वर्षं थांबा, अवयव स्थिर होऊ द्या, असं डॉक्टर सांगतात ते याचसाठी.

या बाळांपुढचा खरा प्रश्न बहुधा लवकर जन्मण्याचा असतो. मूत्रपिंड बदललेल्या आयांची जवळपास निम्मी बाळं सदतिसाव्या आठवड्याआधी जन्मतात, सरासरी वजन अडीच किलोच्या आसपास. आईचा रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, आणि अनेकदा डॉक्टरांनाच प्रसूती लवकर करावी लागते. पुढे एखादं मूल बोलण्यात किंवा शिकण्यात मागे पडलं, तर औषधांपेक्षा हे अपुरे दिवसच त्याचं कारण असण्याची शक्यता जास्त. बहुतेक मुलं मात्र चारचौघांसारखीच वाढतात.

टॅक्रोलिमस घेणाऱ्या आईच्या नवजात बाळाच्या रक्तात कधीकधी पोटॅशियम वाढलेलं सापडतं. सहसा काही दिवसांत ते उतरतं, पण तपासायला हवंच. म्हणून आई कोणती औषधं घेते हे बालरोगतज्ज्ञांना प्रसूतीआधीच माहीत असावं.

आणि अंगावरचं दूध? पूर्वी सरसकट मनाई होती, कित्येक आया रडत रडत बाळाला वरच्या दुधावर ठेवत. आता मोजमापं झाली आहेत: टॅक्रोलिमस दुधात अगदी किंचित उतरतं. वजनाच्या हिशेबाने पाहिलं तर बाळाच्या पोटात जाणारी मात्रा आईच्या मात्रेच्या एक टक्क्याहूनही कमी भरते. त्यामुळे ते घेणाऱ्या आईला आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली बाळाला पाजता येतं. मायकोफेनोलेट चालू असेल तर मात्र पाजू नये असाच सल्ला आहे.