पडद्यावर जहाजे दिसेनात, तेव्हा काय तपासावे
एसडीआर एआयएस रिसीव्हर बसवलेल्या नौकामालकांसाठी आणि तांडेलांसाठी

केबिनमधल्या संगणकाला जोडलेले आमचे डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) आसपासच्या जहाजांचे एआयएस संदेश, म्हणजे जहाज आपली ओळख आणि जागा रेडिओवरून आपोआप कळवते ते संदेश, पकडते आणि ओपनसीपीएन या सागरी नकाशाच्या प्रोग्राममध्ये ती जहाजे त्रिकोणाच्या खुणेने दाखवते. हा संच फक्त ऐकतो, बोलत नाही. त्यामुळे तुमची नौका मोठ्या जहाजाच्या पडद्यावर दिसत नाही. ज्या होडीवर एआयएस नाही किंवा बंद ठेवला आहे, ती तुम्हालाही दिसणार नाही. म्हणून पडदा रिकामा झाला की आधी एकच गोष्ट ठरवायची : समोर खरोखर कोणी नाही, की आपल्या संचाला ऐकू येत नाही? त्याचा निकाल लागेपर्यंत पुढे नजर ठेवणारा खलाशी जागेवरून हलवू नका.

आधी जागा पाहा

बाणकोट किंवा दाभोळच्या खाडीत आत नांगर टाकलेला असेल, तर संच तपासायच्या आधी खाडीच्या मुखाबाहेर या. एआयएस चालतो १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर. हे व्हीएचएफ तरंग जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे मध्ये डोंगर आला की अडतात. उघड्या समुद्रात पल्ला अँटेनाच्या उंचीवर ठरतो. दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळे काढा, त्यांची बेरीज करा आणि २.२ ने गुणा, म्हणजे अंदाजे सागरी मैल मिळतात. तुमचा अँटेना ४ मीटरवर आणि जहाजाचा २५ मीटरवर असेल, तर सुमारे १५ मैल. समोरचीही तुमच्याएवढीच नौका असेल, तर ९ मैलसुद्धा पुरते नाहीत.

थोडा धीरही धरा. चालते मोठे जहाज साधारण दर २ ते १० सेकंदांनी आपली जागा कळवते, पण नांगरलेले जहाज ३ मिनिटांतून एकदाच. संगणक सुरू केल्यावर पाच मिनिटे थांबून मग ठरवा.

वीज

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी इथेच सुटतात. लक्षण ठरलेले असते : बंदरात सगळे नीट चालते, इंजिन सुरू केले की जहाजे गायब. स्टार्टर फिरताना बॅटरीचा दाब (व्होल्टेज) खाली येतो, बॅटरीच्या विजेचे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर ते टिकवू शकत नाही आणि डोंगल क्षणभर संगणकापासून तुटते. प्रोग्राम मात्र चालूच दिसतो, म्हणून शंका येत नाही. रास्पबेरी पायला, म्हणजे केबिनमधल्या छोट्या संगणकाला, मिळणारा दाब ४.६३ व्होल्टच्या आसपास घसरला की पडद्याच्या कोपऱ्यात विजेची खूण चमकते. ती एकदा जरी दिसली, तरी बाकी सगळे सोडून वायरिंग पाहा. संगणकाची वायर बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूजमधून आणा, दिव्यांच्या किंवा पंपाच्या लाइनीवरून घेऊ नका. वायर जाड हवी, यूएसबी केबल आखूड हवी. मोबाइलचा चार्जर इथे चालणार नाही.

वीज पुरेशी असूनही जहाजे कमी दिसत असतील, तर कारण बहुधा रेडिओ गोंगाट आहे. स्वस्त एलईडी दिवे, फिशफाइंडर, कन्व्हर्टर, मॉनिटरची एचडीएमआय केबल, यांपैकी काहीही व्हीएचएफवर खरखर सोडू शकते. एकेक वस्तू बंद करा आणि दर वेळी दोन-तीन मिनिटे पडदा पाहा. जी बंद केल्यावर जहाजे वाढतील, ती दोषी. डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये लावू नका, काळ्या पोर्टमध्ये लावा, आणि थेट न खोचता आम्ही दिलेल्या एक्स्टेंशन केबलने संगणकापासून लांब ठेवा.

अँटेना आणि खारे पाणी

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत नौका किनाऱ्यावर ओढलेली असते आणि पावसाचे पाणी कनेक्टरमधून केबलच्या जाळीत मुरते. ऑगस्टमध्ये पहिल्या फेरीला "गेल्या वर्षी इतकं छान चालायचं" असे फोन येतात, ते यामुळे. कनेक्टर उघडा. हिरवट गंज दिसला किंवा जाळी काळी पडलेली असली, तर घासून भागणार नाही. चमकदार तांबे लागेपर्यंत केबल मागे कापा, नवा कनेक्टर लावा आणि वर ताणून चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. केबल मल्टिमीटरवर तपासताना अँटेना काढून ठेवा, कारण काही चांगले अँटेनाही मीटरवर शॉर्ट दाखवतात.

डोंगलच्या खोक्यातला छोटा अँटेना टेबलावरच्या चाचणीपुरता आहे. या फ्रीक्वेन्सीला पाव तरंगलांबीचा दांडा सुमारे ४६ सेंटिमीटर लागतो, आणि तो उभाच हवा.

बोलण्याच्या व्हीएचएफ रेडिओ सेटच्या अँटेनाला टी-जोड लावून डोंगल जोडू नका. सेट २५ वॉटने बोलतो, डोंगल त्या एका हाकेत जळते. सेटवर बोलत असताना पडदा थोडा थबकला, तर मात्र काळजी नको.

संगणकाच्या आत

डोंगलमधली चिप मुळात टीव्हीसाठी बनलेली आहे. सिस्टीम अपडेट झाल्यावर लिनक्स कधी कधी तिला टीव्ही समजून स्वतःकडे घेतो, मग आमच्या प्रोग्रामला ती मिळत नाही. विमाने पाहण्याचा किंवा एफएम ऐकण्याचा प्रोग्राम चालू राहिला, तरी तेच होते. डेस्कटॉपवरचे "तपासणी" हे चिन्ह उघडा, डोंगल कोणाच्या ताब्यात आहे ते कळेल. बाजारातून दुसरे स्वस्त डोंगल आणून लावले असेल, तर आधी आम्हाला कळवा. त्याचा फ्रीक्वेन्सी ठरवणारा स्फटिक ५० पीपीएमने (दहा लाखांत ५०) चुकला, तर १६२ मेगाहर्ट्झवर तो ८ किलोहर्ट्झ सरकतो, आणि एआयएसचा चॅनेल जेमतेम २५ किलोहर्ट्झचा आहे. गेन (संकेत किती वाढवायचा ते) "ऑटो"वर टाकू नका, आम्ही ठरवून दिलेला आकडा राहू द्या.

आता ओपनसीपीएनमधली डेटा मॉनिटरची खिडकी उघडा. तिथे "एआयव्हीडीएम"ने सुरू होणाऱ्या ओळी धावत असतील, तर रेडिओ आणि अँटेना आपले काम करत आहेत. मग नकाशावर एआयएस दाखवण्याचे बटण बंद आहे का ते पाहा. ओळीच नसतील, तर जोडणीत यूडीपी पोर्ट १०११० (आमच्या प्रोग्राममधून ओपनसीपीएनकडे माहिती येण्याचा मार्ग) चालू आहे का ते तपासा.

जीपीएसकडे खास लक्ष द्या. तुमची स्वतःची जागा मिळत नसेल, तरी दुसरी जहाजे नकाशावर दिसतात, पण कोणते जहाज किती जवळून जाईल हे संगणकाला काढता येत नाही आणि टक्कर टाळण्याचा अलार्म वाजतच नाही. रात्री निघण्यापूर्वी तांडेलाने नकाशावर आपली नौका योग्य जागी आहे हे पाहून घ्यावे.

एवढे करूनही जहाजे दिसत नसतील, तर फोन करताना विजेची खूण दिसली का, "तपासणी"ने काय दाखवले आणि त्या वेळी इंजिन चालू होते की बंद, हे सांगा. कनेक्टरचा जवळून काढलेला फोटो पाठवलात, तर बरेचदा नौकेवर न येताच आम्हाला दोष सांगता येतो.